दगड नसलेल्या मुलखातील गाव : बिठूर

श्रोतेहो,

बिठूरचे नाव निघाले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम एक वाडा उभा राहतो. दुसरे बाजीराव राज्य गमावल्यानंतर आयुष्याच्या अखेरपर्यंत तेथे राहिले, त्यांचे दत्तकपुत्र नानासाहेब तेथे वाढले, मोरोपंत तांब्यांच्या मनकर्णिकेचे बालपण तेथे गेले आणि येवल्याच्या पांडुरंगपंतांचा मुलगा पुढे तात्या टोपे म्हणून तेथूनच नावारूपाला आला, एवढे आपण शाळेपासून ऐकत आलेलो असतो. मीही पहिल्यांदा गेलो तो वाडा शोधायलाच. कानपूरहून ग्रँड ट्रंक रस्त्याने मंधना येथे उतरलो आणि तेथून नदीकडे वळणाऱ्या रस्त्यासाठी ई-रिक्षा केली. रिक्षावाल्याला म्हटले, नानासाहेबांच्या वाड्यापाशी सोडा. तो मागे वळूनही न पाहता म्हणाला, ‘‘महल तो अब है नहीं, पारक है.’’ त्याच्या या एका वाक्याने माझ्या प्रवासाचा हेतू संपला होता. पण गाव तर पुढे होते आणि हातात दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत आणि नंतरच्या काही खेपांत जे गाव मला दिसले, त्याविषयी आज बोलायचे आहे.

बिठूर हे कानपूरच्या वरच्या अंगाला, वीस-बावीस किलोमीटरांवर, गंगेच्या उजव्या काठावरचे नगर पंचायतीचे गाव आहे. 2011 च्या जनगणनेत त्याची लोकवस्ती 11 हजारांच्या आसपास भरली. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या ठिकाणाला बाजारपेठेचे गाव म्हणतात. बिठूरची बाजारपेठ मात्र बेताचीच, कारण मोठा व्यवहार कानपूरला होतो. गावाच्या एका बाजूला घाट, देवळे आणि धर्मशाळा, दुसऱ्या बाजूला शेते, बागा आणि विटांचे भट्टे, अशी त्याची साधारण मांडणी आहे. समोरच्या तीरावर उन्नाव जिल्हा लागतो. मंधन्यापासून गावात रेल्वेची एक छोटी शाखाही आलेली आहे आणि तिच्या शेवटच्या स्थानकाचे नाव बिठूर नसून ब्रह्मावर्त आहे. जुन्या मराठी कागदांतही या गावाला ब्रह्मावर्तच म्हटलेले आढळते.

या गावाची किल्ली मला जेथे सापडली, ती जागा म्हणजे पत्थर घाट. अवधच्या नवाबाचे दिवाण टिकैतराय यांनी तो लाल वालुकाश्मात बांधला. घाट देखणा आहे, परंतु मला विचारात पाडले ते त्याच्या नावाने. पुण्यात, वाईत, नाशकात किंवा पैठणात कुणी एखाद्या घाटाला ‘दगडी घाट’ असे नाव देणार नाही. घाट दगडाचा नसेल तर कशाचा असेल, असे आपण विचारू. बिठूरमध्ये मात्र दगड ही घाटाला नाव देण्याजोगी गोष्ट ठरते, कारण त्या मुलखात दगडच नाही. आपल्याकडे पाया खणताना आज ना उद्या कातळ लागतो. गंगेच्या मैदानात शेकडो मीटर खाली गेले तरी हिमालयातून वाहून आलेली माती, रेती आणि चिकणमाती यांचेच थर लागतात. त्यात कोठे कोठे चुन्याचे ओबडधोबड खडे सापडतात. त्यांना तिकडे कंकर म्हणतात, आणि दगडाशी या जमिनीचे नाते तेवढ्यापुरतेच. म्हणून तेथे घर मातीचे किंवा विटेचे, देऊळ विटेचे आणि किल्लाही विटेचा. जुन्या भिंतींचा गिलावा जेथे पडला आहे तेथे आतली लखौरी वीट दिसते. ती आपल्या विटेसारखी ठोकळी नसते. पातळ, चपटी, हाताच्या पंज्यात मावेल अशी असते. अशा विटांचे थर कंकर भाजून केलेल्या चुन्यात आणि विटांच्या भुकटीत, म्हणजे सुरखीत, बसवलेले असतात. थोडक्यात, भिंतीतली वीट, चुना आणि सुरखी हे सारे आसपासच्या जमिनीतूनच आलेले असते.

जमिनीचा उतार हीदेखील ध्यानात घेण्याची गोष्ट आहे. कानपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 126 मीटर उंचीवर आहे आणि तेथून समुद्र गाठण्यासाठी गंगेला हजार किलोमीटरहून अधिक वाट चालावी लागते. पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर असून समुद्र तेथून जेमतेम शंभर किलोमीटर आहे. एवढ्या मंद उतारावरची नदी एका जागी बांधून राहत नाही. ती कूस बदलते, एक काठ खाते आणि दुसऱ्या काठावर गाळ टाकते. जुन्या गाळाच्या उंच जमिनीला बांगर आणि पुराच्या टप्प्यातल्या नव्या जमिनीला खादर म्हणतात, हे आपण भूगोलात शिकलेलो असतो. कानपूरच्या बाजूला नदीकाठच्या या सखल रेताड पट्ट्याला कटरी हा शब्द आहे. पावसाळा सरला की कटरीत शेती उभी राहते आणि उन्हाळ्यात वाळूवर काकडी, खरबूज, कलिंगड यांचे वेल पसरतात. पुढच्या पुरानंतर तीच जमीन त्याच जागी असेल याची खात्री कुणालाच नसते. बिठूर टिकले ते उंच काठावर वसले म्हणून. कानपूर शहराच्या घाटांपासून मात्र गंगा दूर सरकली आणि तिला वळवून आणण्यासाठी शहरालगत बंधारा घालावा लागला. त्या बंधाऱ्याला लवकुश बॅरेज असे नाव आहे. बिठूरची कथा अशी शहराच्या बंधाऱ्यावर जाऊन बसली आहे.

ही कथा अर्थात रामायणातली आहे. वाल्मीकींचा आश्रम येथेच होता, सीतेने वनवासाचे दिवस येथेच काढले आणि लवकुश येथेच जन्मले, अशी गावाची श्रद्धा आहे. त्याहून मागे जायचे तर ब्रह्मदेवाने अश्वमेध येथे केला असे सांगतात आणि ब्रह्मावर्त घाटाच्या पायरीत रुतलेली एक खुंटी दाखवून हाच पृथ्वीचा मध्यबिंदू असे पुजारी ऐकवतात. आपण यावर हसण्याचे कारण नाही. ज्या सपाटीवर डोंगर नाही, खडक नाही, क्षितिजापर्यंत एकही खूण नाही, तेथे माणसाला एखादी खुंटी ठोकून ‘मध्य येथे आहे’ असे म्हणावेसे वाटले तर ते मला अगदी समजण्यासारखे वाटते. पुरातत्त्वाने या भूमीचे वय वेगळ्या वाटेने दाखवले. गंगा-यमुनेच्या दुआबात तांब्याच्या प्राचीन वस्तूंचे जे साठे सापडतात, त्यांतला पहिला नोंदलेला शोध बिठूरचा आहे. 1822 मध्ये येथे तांब्याचा एक दातेरी भाला मिळाला. मोठी शिकार टोचून धरण्यासाठी वापरले जाणारे हे हत्यार इसवीसनपूर्व दुसऱ्या सहस्रकातले मानले जाते. पलीकडच्या तीरावर परियर गाव आहे. तेथे नदीच्या पात्रात धातूची बाणाग्रे सापडत आणि ती लवकुशांच्या युद्धातली आहेत असे लोक म्हणत. आता 1822 या सालाकडे पाहा. तो भाला जमिनीतून वर आला तेव्हा शेवटचा पेशवा त्याच गावात राहत होता.

पेशव्यांकडे मी मुद्दाम उशिरा आलो. जून 1818 मध्ये बाजीरावांनी ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम याच्या स्वाधीन होताना वर्षाला आठ लाख रुपयांचे निवृत्तिवेतन मिळवले. ही रक्कम फार झाली म्हणून माल्कमवर त्याच्याच वरिष्ठांनी टीका केली. गंगेचा काठ बाजीरावांना हवा होता आणि कानपूरची छावणी हाकेच्या अंतरावर असणे कंपनीला सोयीचे होते. त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक इंग्रज आयुक्तही बिठूरला नेमण्यात आला. बाजीराव जानेवारी 1851 मध्ये वारले. हिशेब केला तर या काळात अडीच कोटींहून अधिक रुपये एका लहानशा गावात आले. ही रक्कम कोणत्या शेतातून वा व्यापारातून आलेली नव्हती, ती वर्षानुवर्षे बाहेरून पडत होती आणि तिच्यामागे हजारो माणसे दख्खनमधून आली होती. भट, भिक्षुक, कारकून, शिलेदार, आचारी, सारेच त्यांत होते. नानासाहेबांचे वडील माधवराव नारायण भट कर्जतजवळच्या वेणगावाहून आले ते असेच. बाजीराव गेल्यावर डलहौसीने वेतन थांबवले. आपण ही घटना नानासाहेबांवरील अन्याय म्हणून वाचतो, आणि ती तशी आहेच. पण त्या दिवशी बिठूरच्या वाण्याचे, हलवायाचे, कासाराचे काय झाले असेल, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. सहा वर्षांनी त्या गावातून उठाव उभा राहिला त्यामागच्या अनेक कारणांत या रिकाम्या झालेल्या बाजाराचा थोडा तरी वाटा असला पाहिजे, असे माझे मत आहे.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्याला ठाऊक आहे. जुलै 1857 मध्ये कानपूर पुन्हा इंग्रजांच्या हाती गेले आणि लगोलग बिठूरचा वाडा जाळण्यात आला. ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती हॅवलॉकची गावाबाहेर लढाई झाली. डिसेंबरमध्ये होप ग्रँटच्या सैन्याने उरलेसुरले उद्ध्वस्त केले आणि विहिरीतले पाणी उपसून सोन्याचांदीचा ऐवज वर काढला. काळ्या पाषाणाचा वाडा जाळला तरी त्याचे जोते शेकडो वर्षे उभे राहते. शनिवारवाड्याचे आपण पाहतोच. विटेच्या वाड्याचे तसे नसते. पडलेल्या भिंतीतली वीट साबूत असते, उचलायला हलकी असते आणि ज्याला घर बांधायचे आहे तो ती घेऊन जातो. बिठूरच्या वाड्याचेही बहुधा असेच झाले असावे. आज तेथे उद्यान आहे, पुतळे आहेत, छोटे संग्रहालय आहे आणि जुन्या विहिरी आहेत. विहिरी उरल्या, कारण खोल गेलेली वीट कुणी उपसून नेत नाही.

मराठी डोळ्याला चटकन ओळखू येणारी एक गोष्ट मात्र वाल्मीकी आश्रमाच्या आवारात उभी आहे. ती म्हणजे दीपमाळ. बाजीरावांच्या काळात ती बांधली असे सांगतात. खाली रुंद, वर निमुळती आणि अंगभर पणत्यांसाठी कोनाडे. आतल्या जिन्याने वर चढता येते. गावातले लोक तिला स्वर्गाची शिडी म्हणतात. जेजुरीच्या दीपमाळांशी नाते सांगणारी ही वस्तू येथे आकाराने तीच राहिली, पण जिच्यावर दिवे लावायचे ती दीपमाळ जिच्यावर चढायचे ती शिडी झाली. सपाट प्रदेशातल्या माणसाला उंचीचे अप्रूप असते. वरून गंगेचा वळसा, पलीकडची रेती आणि क्षितिजापर्यंतची शेते एका नजरेत दिसतात. माझ्यापुढे रांगेत असलेल्या एका आजीबाई त्यासाठीच धापा टाकत चढत होत्या.

सध्याच्या बिठूरवर कानपूरची सावली वाढते आहे. 1959 साली स्थापन झालेली आयआयटी मंधन्याच्या अलीकडे कल्याणपूरला आहे. आता तेथून बिठूरपर्यंत महाविद्यालये, मंगल कार्यालये आणि भूखंडांचे फलक लागत जातात. गाव शहराच्या वरच्या अंगाला आहे, एवढ्यावर त्याचा मोठा आधार आहे. जाजमऊचे चामड्याचे कारखाने खालच्या अंगाला असल्यामुळे स्नानासाठी, जावळासाठी, अस्थिविसर्जनासाठी कानपूरकर बिठूरची वाट धरतात. कार्तिकी पौर्णिमेला तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलींतून खेडीच्या खेडी येतात.

मागच्या खेपेस मी या जत्रेच्या काही दिवस आधी तेथे होतो. पूर ओसरून गेला होता आणि घाटाच्या खालच्या पायऱ्या गाळाखाली गेल्या होत्या. तीन माणसे फावड्याने तो गाळ ओढून नदीत सोडत होती. एका नावाड्याला विचारले, हे दर वर्षी करावे लागते का. तो म्हणाला, ‘‘गंगा मइया देती हैं, हम लौटा देते हैं.’’ आणि ओल्या गाळातून वर आलेल्या लाल दगडाच्या पायरीवर त्याने आपल्या नावेचा दोर आणून ठेवला.