साहेब, तुम्ही ओरडलाच नाहीत!

(गणपतीतल्या व्याख्यानमालेत परभणीला एका वकिलांनी केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलणं होतं तसंच ठेवलंय, फक्त दोनदा डीजेमुळं थांबावं लागलं तेवढं काढलंय.)

नमस्कार मंडळी. मागं आवाज येतोय ना? नसेल येत तर पुढं या, पुढच्या खुर्च्या रिकाम्या ठेवायची आपल्याकडं पद्धतच आहे, कोर्टात पण पक्षकार मागच्या बाकावर बसतो आणि पुकारा झाला की धावत येतो.

पत्रिकेत विषय छापलाय 'प्रेक्षकच ज्युरी'. ज्युरी म्हणजे आरोपी दोषी का निर्दोष ते ठरवायला कोर्टात बसवलेली साधी माणसं. तो मीच दिलेला आहे, दोन महिने डोक्यात घोळायलाय, घरी कुणी ऐकून घेत नाही म्हणून इथं आलो. तर ती नवी कोर्टाची मालिका. नाव घेत नाही, फुकट जाहिरात कामून करायची, आणि नाव न घेता तुम्हाला कळलंच आहे कारण रात्री साडेनऊला आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांतून एकच आवाज येतो, 'ऑब्जेक्शन मिलॉर्ड'. आता हे मिलॉर्ड प्रकरण बार कौन्सिलनं २००६ लाच सोडा म्हणून सांगितलंय, खालच्या कोर्टात सर म्हणा, साहेब म्हणा, आपापल्या भाषेतला शब्द वापरा. पण मालिकेला ते चालत नाही. 'साहेब, हरकत आहे' म्हणलं तर ग्रामपंचायतीची मिटिंग वाटते.

मी काय केलं, दोन महिने मालिका कमी बघितली आणि मालिका बघणाऱ्यांना जास्त बघितलं. आमच्या घरी बायकोचं म्हणणं, 'बघा, याला म्हणतात वकील.' तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला हे ऐकावं लागतं. माझा ज्युनियर वही घेऊन बसतो, चुका मोजतो. जज हातोडा आपटतो, आपल्या कोर्टात हातोडा नसतोच, मी तरी आजवर टेबलावर पेपरवेटच बघितलाय. साक्षीदाराला गीतेवर हात ठेवायला लावतात, तेही नाही, १९६९ च्या शपथ कायद्यात कुठल्या ग्रंथाचं नाव नाही, नुसतं तोंडानं म्हणायचं असतं, आणि ज्याला देवाची शपथ घ्यायची नाही त्यानं प्रतिज्ञा करावी. आणि तो गाऊन! वकील तालुका कोर्टात भर मे महिन्यात गाऊन घालून फिरतो आणि कपाळावर घामाचा थेंब नाही. अरे बाबा, गाऊन फक्त हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टात सक्तीचा आहे, आणि खालच्या कोर्टात उन्हाळ्यात काळ्या कोटाची पण सक्ती नाही. परभणीच्या मे महिन्यात हा नियम ज्यानं लिहिला त्याला मी रोज हात जोडतो.

पण हे सगळं वकिलांचं रडगाणं झालं. खरी मजा कोर्टाच्या समोरच्या चहाच्या हॉटेलात. एक मास्तर म्हणले, मालिकेवाल्यांना कायदा कळत नाही, खुनाला ३०२ म्हणायलेत, आता भारतीय न्याय संहितेत ते १०३ झालंय. सगळे गप्प, मास्तर खूश. तेवढ्यात कोपऱ्यातला टायपिस्ट म्हणला, 'मास्तर, खून कधी झाला?' नवा कायदा १ जुलै २०२४ पासून. खून त्याच्या आधीचा असला तर आजही कलम ३०२च लागतं, खटला कधी पण चालो. मग काय, अख्खं हॉटेल खुनाची तारीख शोधायला लागलं. एक जण म्हणला पहिल्या भागात भिंतीवर कॅलेंडर होतं. दुसरा म्हणला कॅलेंडर होतं पण त्यावर गणपती होता, तारीख दिसत नव्हती. चहा तीनदा झाला. इतका बारीक तपास आमच्या तालुक्यात पोलिसांनी कधी केलेला मला आठवत नाही. (हशा) हसू नका, इथं खात्याचे लोक बसलेले असतील.

आणि एक रिटायर पट्टेवाले आहेत, तीस-पस्तीस वर्षं पुकारा दिला त्यांनी. ते म्हणले, 'साहेब, बाकी ठीक, पण पुकारा देणाऱ्याचा आवाज बरोबर नाही. तीनदा द्यायचा असतो अन् तिसरा लांब ओढायचा, माणूस लघवीला गेलेला असला तरी त्याला ऐकू आला पाहिजे.' यांनी मालिकेतला हिरो बघितलाच नाही. माझ्या हे तेव्हा ध्यानात आलं. जो कोर्टात जाऊन आलाय तो पडद्याच्या कडेला बघतो, पट्टेवाला, फाईलचे गठ्ठे, बेंच क्लार्क, बाहेरच्या बाकावरची म्हातारी. जो कधी गेला नाही तो मधोमध बघतो, वकिलाकडं, आणि दुसऱ्या भागातच निकाल देऊन मोकळा होतो. आपल्या मराठवाड्यात पहिल्या जातीचे प्रेक्षक लई, कारण बांधाची केस नसलेलं घर दाखवा आणि बक्षीस घ्या.

आता माझं दुखणं सांगतो. गेल्या महिन्यात एका केसमध्ये मी उलटतपासाला उठलो, तीन प्रश्न विचारले, जे पाहिजे होतं ते रेकॉर्डवर आलं, खाली बसलो. मला वाटलं काम चोख झालं. बाहेर आलो तर पक्षकाराचा पोरगा तोंड पाडून उभा. म्हणला, 'साहेब, तुम्ही ओरडलाच नाहीत.' मी म्हणलं, ओरडायचं कशाला? तर तो म्हणला, 'त्यात तर वकील टेबल वाजवतो, साक्षीदाराला रडकुंडीला आणतो.' आणि मागून त्याचा मामा हळूच, पण मला ऐकू येईल असा, 'मॅनेज झालं असंल.' मॅनेज! एवढा एक शब्द आपल्याकडं आला आणि वकील, डॉक्टर, अंपायर, सगळ्यांची वाट लागली. थोडं बोललं की मॅनेज.

कमी बोलणं मी कुठं शिकलो ते सांगतो, वेळ आहे ना अजून? आहे. ही २००२ च्या आधीची गोष्ट, म्हणजे दिवाणी दाव्यात सरतपास, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची पहिली साक्ष, प्रतिज्ञापत्रावर यायला लागायच्या आधीची, तेव्हा सगळं तोंडी चालायचं. मी नवा वकील, जिंतूरकडच्या एका गावचे आबा माझ्याकडं आले. शेजाऱ्यानं दावा टाकला होता, की आबांनी रातोरात बांध कोरला आणि चार गुंठे दाबले. आबांचं म्हणणं, मी बांधाला हात लावला नाही. बरं, असल्या दाव्यात खरं काम करते मोजणी. भूमी अभिलेखचा माणूस कोर्ट कमिशनर म्हणून येतो, नकाशा काढतो, खुणा दाखवतो, आणि भाषणं कितीही ठोका, निकाल बहुतेक त्या नकाशावर टेकतो. पण नकाशाचा नंबर यायचा होता आणि त्या दिवशी वादीचा साक्षीदार पिंजऱ्यात होता.

गावातनं लोकं आलते. एसटी भरून आलती म्हणा ना. कोर्ट हॉल गच्च. अन् मी नवा कोट घातलेला, लग्नातला. साक्षीदारानं सांगितलं की पहाटे आबांचं ट्रॅक्टर बांधावर चालताना मी बघितलं. मी उठलो. तुमचं शेत नाल्याच्या पलीकडं? हो. मधी आंब्याची झाडं? हो. पौष महिना, धुकं? होतं. चष्मा? रात्रीचा लावत नाही. आता हे मालिकेत कसं, धडाधड. कोर्टात कसं? मी एक प्रश्न विचारायचा, त्यानं उत्तर द्यायचं, जजसाहेबांनी त्याचं वाक्य करून सांगायचं, टायपिस्टनं ते बडवायचं, तोवर साक्षीदार पंख्याकडं बघतो आणि पुढचं उत्तर जुळवतो. माझे चार प्रश्न अर्धा तास चालले. पण आलं सगळं, कागदावर आलं, 'धुके होते हे खरे आहे. मी त्यावेळी चष्मा लावलेला नव्हता हे खरे आहे.' इथं बसायचं होतं. कुणी पण शहाणा वकील इथं बसतो.

पण मागं अख्खं गाव. माना पुढं काढून बसलेलं. आणि तेवढ्यात आबांनी मागून माझा कोट ओढला. एकदा, दोनदा. मला वाटलं आबा म्हणायलेत, विचारा साहेब, आता ठोका! मी छाती पुढं काढली, आवाज चढवला आणि विचारलं, 'धुकं होतं, चष्मा नव्हता, मधी झाडं होती, मग ट्रॅक्टर आबांनी चालवलं हे तुम्हाला कळलं कसं?'

साक्षीदार शांतपणे म्हणला, 'साहेब, ट्रॅक्टर माझंच होतं. आबांनी भाड्यानं नेलतं. तीनशे रुपये अजून यायचेत.'

(बराच वेळ हशा)

गाव असंच हसलं होतं. जजसाहेब नाही हसले, त्यांनी सांगितलं आणि टायपिस्टनं बडवलं, 'ट्रॅक्टर माझे होते. भाडे येणे बाकी आहे.' मी मागं वळून बघितलं. आबा डोक्याला हात लावून बसलेले. ते कोट ओढत होते ते 'नका विचारू, नका विचारू' म्हणून! ट्रॅक्टर कुणाचं ते त्यांना माहीत होतं, मला त्यांनी सांगितलं नव्हतं. पक्षकार डॉक्टरला सगळं सांगतो, वकिलाला निम्मं सांगतो.

आता यातली खरी गंमत बघा. मी केस घालवली. पण परतीच्या एसटीत माझीच वाहवा. गावात महिनाभर तीच गोष्ट, आणि दर वेळी थोडी वाढलेली, एका आवृत्तीत तर म्हणे मी टेबलावर मूठ आपटली होती. त्या गावातनं मला पुढच्या वर्षात चार केसेस आल्या! म्हणजे बघणाऱ्याच्या हिशोबानं त्या दिवशीचं काम एक नंबर आणि आबांच्या हिशोबानं चार गुंठे गेले. तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे, की बघणाऱ्याला जे गोड लागतं तेच पक्षकाराला कडू पडतं, आणि ...

काय? चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अहो मी अजून ज्युरीवर आलोच नाही. ठीक आहे, पळवतो.

तर ज्युरी. आपल्याकडं ज्युरी होती, हे बऱ्याच पोरांना माहीत नसतं. १९५९ चा नानावटी खटला, नौदलाचा कमांडर, बायकोच्या मित्राला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या. ज्युरीत नऊ जण, आठ विरुद्ध एक, निर्दोष. करंजियांचं 'ब्लिट्झ' साप्ताहिक उघड उघड नानावटींच्या बाजूनं लिहीत होतं. बघणाऱ्यांचा मूड म्हणतो मी तो हाच, टीव्ही यायच्या आधीचा. सेशन जजना ज्युरीचं पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टात पाठवलं, तिथं जन्मठेप, ती १९६१ ला सुप्रीम कोर्टात कायम. लोकं म्हणतात या एका केसनं ज्युरी गेली. तसं एका फटक्यात नाही, ती आधीच ठिकठिकाणी बंद होत आलती, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत उरलीसुरली पण ठेवली नाही.

माझा मुद्दा एवढाच की ज्युरी असली की वकिलाला भाषण लागतं, समोरची नऊ माणसं हलली पाहिजेत. ज्युरी गेली तर समोर एकटे जजसाहेब, ते हलत नाहीत, ते लिहून घेतात. मग मालिकेतला वकील हात वर करून बोलतो कुणाला? जजकडं त्याची पाठ असते बघा कित्येकदा, तोंड कॅमेऱ्याकडं. तो तुमच्याशी बोलायलाय. हे परदेशातल्या ज्युरीच्या कोर्टावरनं उचललंय, पण तिथं ज्युरीला दोन्ही बाजूंचा पुरावा पूर्ण ऐकावा लागतो, इथं ज्युरी मधीच भाजी परतायला उठते.

दुसरं, शेवटच्या क्षणी दार उघडून येणारा साक्षीदार. आपल्याकडं तो दारातनं येत नाही, अर्जातनं येतो. अर्ज द्या, समोरच्याचा से, म्हणजे लेखी म्हणणं, घ्या, त्यावर युक्तिवाद, आदेश, आणि पुढची तारीख. फौजदारीत कोर्टाला साक्षीदार बोलवायचा अधिकार आहे, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३११, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३४८, पण त्यालाही समन्स लागतं, गॉगल घालून आत येता येत नाही. हे नको असेल, कोर्ट आहे तसं बघायचं असेल तर २०१४ चा मराठी 'कोर्ट' बघा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. आमच्या बारमधले तिघं बघायला गेले, दोघं म्हणले एकदम खरं आहे आणि तिसरा झोपला होता, माझ्या मते त्याचीच दाद जास्त खरी.

तिसरं फार मोठं होतं, ते राहूनच जाणार. आता खरी कोर्टं पण मोबाईलवर दिसतात, २०१८ ला सुप्रीम कोर्टानं प्रक्षेपणाला मान्यता दिली, २०२२ पासून घटनापीठाच्या सुनावण्या दाखवतात. चांगलं आहे. १९८१ ला औरंगाबादला हायकोर्टाचं खंडपीठ यायच्या आधी आपला माणूस अपिलासाठी मुंबईला जायचा, रात्रभर गाडीत, आणि आपल्या केसमध्ये काय झालं हे त्याला वकिलाच्या तोंडूनच कळायचं, ते घरबसल्या दिसणार असलं तर कुणाला नको? पण फिरतं काय, तर जजनी वकिलाला झापलं ती चाळीस सेकंदं. म्हणजे खऱ्या कोर्टातनं पण आपण मालिकाच कापून काढायलोय. यावर मला अर्धा तास बोलायचं होतं, आबांनी खाल्ला.

अजून एक चिठ्ठी. वाचतो. 'त्या तीनशे रुपयांचं काय झालं?' (हशा) बघा, मी नानावटी सांगितला, कलमं सांगितली, आणि विचारायलेत काय.

नाही मिळाले त्याला. आबा वारले, अपील खंडपीठापर्यंत गेलं, ते पण हरलो, बांध सरळ झाला, आता दोन्ही घरची पोरं एकाच गाडीवर बसून तालुक्याला येतात. परवा पोळ्याला तो ट्रॅक्टरवाला बाजारात भेटला, म्हातारा झालाय, आता चष्मा दिवसा पण लावतो. तोही मालिका बघतो म्हणे. मी विचारलं, कशी वाटली मामा? म्हणला, 'चांगली हाय साहेब, पण येवढे साक्षीदार येतेत अन् जातेत, भत्ता कुणालाच देताना दाखवत नाहीत.' आणि माझ्याकडं असं बघितलं की मी मुकाट्यानं खिशात हात घातला.