आधी बर्नर बंद, मग दुरुस्ती

मंडळी, विषय ठरलाय ‘कामाच्या ठिकाणी आग लागूच नये यासाठी जोखीम व्यवस्थापन’. त्याकडे मी येणारच आहे, पण आधी एक विचारतो. फायर एक्स्टिंग्विशर चालवायचं प्रशिक्षण किती जणांनी घेतलंय? वा, जवळजवळ सगळेच. आता असं सांगा, दुरुस्ती धोक्याची वाटली तर उत्पादनाची चालू लाइन स्वतःच्या अधिकारात थांबवता येते, असे किती? दोन हात. आणि दोघंही मालक दिसताय! (हशा) या दोन उत्तरांत जे अंतर आहे ना, त्यावरच मला बोलायचंय.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात हॅम्लेट नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या इम्पीरियल फूड प्रॉडक्ट्सच्या कोंबडीचं मांस तळणाऱ्या कारखान्यात ३ सप्टेंबर १९९१ रोजी सकाळी आग लागली आणि २५ माणसं गेली. बाहेर पडायच्या दारांना कुलपं होती, माल चोरीला जाऊ नये म्हणून. आग लागली की आपोआप पाणी फवारणारे स्प्रिंकलर नव्हते. कारखाना अकरा वर्षं चालू होता आणि तेवढ्या काळात राज्याची सुरक्षा तपासणी एकदाही झाली नव्हती. मालकाला पुढे तुरुंगवास झाला.

ही हकीकत सांगताना सगळे कुलपांपाशी थांबतात. संताप मलाही येतो. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात १९११ साली १४६ जण गेले, तेव्हाही एक दार असंच बंद होतं. ऐंशी वर्षांनी पुन्हा तेच! पण कुलपांमुळे माणसं अडकली. आग लागली ती दुरुस्तीमुळे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

तळणीच्या भल्यामोठ्या कढईकडे माल नेणारा पट्टा हायड्रॉलिक, म्हणजे नळीतल्या तेलाच्या दाबावर चालायचा. त्याची नळी दुरुस्तीला काढली होती. नवी नळी लांब पडली, जमिनीवर लोळायला लागली. कुणी अडखळून पडेल म्हणून ती कापून आखूड केली. हेतू बघा, सुरक्षेचाच! मग जोड बसवला, दाब दिला आणि जोड निसटला. तेलाचा फवारा उडाला. शेजारी कढईखालचे गॅस बर्नर पेटलेलेच होते.

ते बर्नर चालूच ठेवून ही दुरुस्ती झाली, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या फिटरला दोष देऊन आपल्याला काय मिळणार? लाइन थंड केली की उत्पादन थांबतं, आणि ते थांबवायचा अधिकार दुरुस्ती करणाऱ्या माणसाकडे सहसा नसतो. आपण आगीचं खातं सुरक्षा विभागाला देतो आणि दुरुस्तीचं वेळापत्रक उत्पादन विभागाला. दोघांची गाठ पडते ती थेट चौकशी समितीसमोर.

चिठ्ठी आलीये, पाच मिनिटं उरलीत. (हशा) कबूल केलेलं आता भराभर सांगतो.

दुरुस्तीच्या प्रत्येक वर्क ऑर्डरवर एक रकाना हवा: या कामाच्या आसपास कोणती ज्योत, कोणता तापलेला भाग, कोणती ठिणगी चालू आहे, आणि ती कोण बंद करणार? नाव लिहिल्याशिवाय काम सुरू नाही. बसवलेला भाग मूळ भागापेक्षा जरासाही वेगळा असेल, लांबी बदलली, जोड बदलला, तर दाब देण्याआधी दुसऱ्या जाणत्या माणसानं तो बघायचा. पहिला दाब देताना जवळ माणसं नकोत. शक्य असेल तिथे सहजी पेट न घेणारं हायड्रॉलिक द्रव वापरा, नळ्या बर्नरपासून दूर न्या. दारांबद्दल वेगळं सांगायला नको: आत माणूस असताना कुलूप नाही, कुठल्याही कारणासाठी नाही.

वेल्डिंग-कटिंगला हॉट वर्क परमिट, म्हणजे ठिणग्या उडणाऱ्या कामाची लेखी परवानगी, असतंच, पण ते बऱ्याचदा खुर्चीत बसूनच सही होतं. सही करणाऱ्यानं जागेवर जायचं. अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचं ५१बी हे मानक ३५ फूट, म्हणजे साधारण ११ मीटर परिसरातलं ज्वलनशील सामान हलवायला किंवा झाकायला सांगतं. काम संपल्यावर पहारा ठेवायची मुदत आधी अर्धा तास होती, २०१९च्या आवृत्तीत ती एक तास झाली. कारण ठिणगी फटीत शिरून धुमसत राहते आणि माणसं निघून गेल्यावर पेटते.

आणि हो, हे घाईत राहून जाईल. कामाची पाळी संपत आली की वेल्डिंग सुरू करू देऊ नका. तो पहाऱ्याचा तास घरी जायच्या वेळेतच येतो, आणि मग तिथे कुणी थांबत नाही. पहाऱ्याला थांबणाऱ्याच्या त्या तासाचे पैसे कामाच्या अंदाजपत्रकातच धरा, म्हणजे त्यावरून वाद होणार नाही. प्रश्न असतील तर मी खाली थांबतोय.