पाणी बदलायचं नाही
(लघु माहितीपट : निवेदन)

[दृश्य : खाडीकाठची मिठागरं, भर उन्हात. मग अलिबागकडे जाणारा रस्ता.]

पेण-उरणच्या खाडीकाठी समुद्राचं पाणी वाफ्यांत घेतात, उन्हात आटवतात आणि मीठ ओढून काढतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं हे काम. अलिबागजवळच्या एका बंगल्यात आम्ही याच्या बरोबर उलटं काम पाहिलं. इथे स्विमिंग पूलच्या गोड्या पाण्यात मीठ सोडतात आणि मग ते पाणी जपतात. वर्षानुवर्षं, तेच पाणी.

[दृश्य : पूल, ड्रोनमधून. नारळाच्या सावल्या पाण्यावर.]

लांबी ८ मीटर, रुंदी ४ मीटर, खोली सरासरी १.४ मीटर. म्हणजे सुमारे ४५ हजार लिटर पाणी. 'सॉल्ट वॉटर पूल' असं ऐकून आलेले पाहुणे पहिला प्रश्न विचारतात : समुद्राचं पाणी सोडलंय का? नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, या पाण्यात जेमतेम सव्वातीन. बंगल्याच्या भाषेत ३,३०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ३,३०० भाग. २५ किलोच्या सहा गोण्या मीठ एवढ्या पूलला पुरतं.

दुसरा समज जास्त पक्का आहे. मिठाचा पूल म्हणजे बिनक्लोरीनचा, नैसर्गिक. असं सांगून बंगले भाड्याने दिले जातात. या पाण्यात क्लोरीन आहे, असायलाच हवा. फक्त तो डब्यातून येत नाही, इथेच तयार होतो.

[आवाज : पंप सुरू होतो. दृश्य : पंप रूम. पारदर्शक सेल, अगदी जवळून.]

हा सेल, क्लोरीन तयार करणारा. सँड फिल्टरमधून गाळलेलं पाणी याच्यातून जाऊन पूलमध्ये परततं. आत टायटॅनियमच्या पातळ पट्ट्या आहेत, त्यांवर रुथेनियम आणि इरिडियमच्या ऑक्साइडचा मुलामा. पट्ट्यांमध्ये कमी दाबाचा डीसी प्रवाह सोडला की... बघा.

[निवेदन थांबवा. बुडबुड्यांचं दृश्य पूर्ण जाऊ द्या.]

हे बुडबुडे हायड्रोजनचे. समोरच्या पट्टीवर मिठातल्या क्लोराइडचा क्लोरीन होतो आणि तिथल्या तिथे पाण्यात विरघळतो. तो जंतू मारतो, शेवाळाचे कण जाळतो, उन्हात तुटतो आणि या सगळ्यातून पुन्हा क्लोराइडच होऊन पाण्यात उरतो. मीठ खर्च होत नाही. ते बाहेर जातं ते फक्त पाण्याबरोबर : बॅकवॉशमधून (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना), ओसंडून, पोहणाऱ्यांच्या ओल्या कपड्यांतून. घरच्या पूलसाठी ही यंत्रं १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे रुळली. आता कोकणातल्या बंगल्यांच्या जाहिरातीत त्यांचं नाव ठळक असतं. ती चालवतो कोण, हे मात्र जाहिरातीत नसतं.

[दृश्य : काका चप्पल बाहेर काढून पूलच्या कडेला येतात. हातात टेस्ट किट.]

या बंगल्याचं पाणी काका बघतात. त्याआधी ते गावच्या पाणीपुरवठ्यावर होते. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकायची, नळाला आलेल्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची तपासणी, कशी घ्यायची, हे त्यांना तिथेच शिकायला मिळालं. महाराष्ट्रातल्या गावागावांत हे काम करणारी माणसं आहेत. दोन थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं की क्लोरीन पोचला. या माणसांच्या हातात जे ज्ञान आहे, त्याला बंगल्यांच्या दुनियेत 'माळी पूल पण बघतो' एवढीच किंमत आहे. आम्हाला हे मान्य नाही आणि पुढची काही मिनिटं तुम्ही नीट पाहिलीत तर तुम्हालाही ते पटणार नाही.

[दृश्य : कोपरापर्यंत हात पाण्यात. नळी उलटी बुडवून आत सुलटी करतात.]

नमुना वरवरचा घेत नाहीत. कोपर बुडेल इतक्या खोलीवरून घेतात, आणि पाणी जिथून परत येतं त्या तोंडापासून लांब. नळी आधी त्याच पाण्याने विसळायची. मग क्लोरीन दाखवणारी डीपीडीची गोळी टाकायची, बोट न लावता, पाकिटातूनच थेट.

[दृश्य : डीपीडी गोळी विरघळते. पाणी गुलाबी होत जातं. नळीमागे पांढरा कागद.]

गावात पिवळं, इथे गुलाबी. रंग जितका गडद, तितका मोकळा, म्हणजे अजून वापरला न गेलेला, क्लोरीन जास्त. काका नळी रंगपट्टीशेजारी धरतात, उन्हाकडे पाठ करून. आजचा आकडा तीन पीपीएम. या पाण्याला तीन-चार ठीक.

आता एक गोष्ट, जी फार जणांना ठाऊक नसते. क्लोरीन खूपच जास्त झाला, तर तो हा गुलाबी रंगच खाऊन टाकतो. गोळी टाकली की क्षणभर गुलाबी झाक दिसते आणि नळी पुन्हा पाण्यासारखी स्वच्छ. बघणारा म्हणतो, क्लोरीन शून्य आहे, अजून टाका. काका त्या क्षणभराच्या झाकेवर नजर ठेवतात. शंका आली, तर नमुन्यात निम्मं बाटलीचं पाणी घालून पुन्हा टेस्ट करतात आणि आलेला आकडा दुप्पट धरतात.

[दृश्य : दुसरी नळी. फेनॉल रेडचे थेंब. केशरी-लाल रंग.]

पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा. मिठाच्या पूलमध्ये तो स्वतःहून वर सरकतो. सेलमधले बुडबुडे पाणी घुसळतात, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढतो. पीएच साडेसात असताना पाण्यातल्या मोकळ्या क्लोरीनचा निम्मा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो. आठवर गेला की जेमतेम एक चतुर्थांश. क्लोरीनचा आकडा तोच, काम निम्मं. म्हणून नुसता क्लोरीन मोजून भागत नाही. आज पीएच ७.८ आहे. तो उतरवायला ॲसिड.

[दृश्य : गॉगल, हातमोजे. बादलीत आधी पाणी. मग ॲसिड.]

आधी पाणी, मग त्यात ॲसिड. उलटं कधीच नाही. लागलं जेमतेम अर्धा लिटर, तेही पंप चालू ठेवून, खोल बाजूला, हळूहळू. आणि या बादलीच्या आसपास क्लोरीनचा कुठलाही डबा नाही, कारण ही दोन एकत्र आली की विषारी वायू सुटतो. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची पीएच धरून ठेवायची ताकद, घसरली तर उपाय स्वयंपाकघरातला आहे : खाण्याचा सोडा. एवढ्या पाण्याला पाऊण किलो सोडा घातला की दहा पीपीएम वाढते. मिठाच्या पूलला ती ऐंशीच्या आसपास पुरते. त्याहून वर नेली की पीएच आणखी जोराने चढतो.

[दृश्य : क्लोरिनेटरचं (क्लोरीन बनवणाऱ्या यंत्राचं) पॅनल. लाल दिवा.]

हे दृश्य ठरवून घेतलेलं नाही. आम्ही पंप रूममध्ये असतानाच पॅनलने मीठ कमी असल्याची खूण दाखवली. काकांबरोबर काम शिकणारा मुलगा गोणीकडे वळला.

[मूळ आवाज ठेवा.]
"काका, मीठ कमी दाखवतंय. गोणी फोडू?"
"थांब रे. आधी मीटर आण."

हातातल्या मीटरवर ३,३०० आले. मीठ पुरेसं आहे. मग पॅनल असं का सांगतं? कारण पॅनल मीठ मोजत नाही, पट्ट्यांमधून किती वीज वाहते ते मोजतं. पट्ट्यांवर थर बसला की वीज कमी वाहते आणि यंत्राला वाटतं, मीठ संपलं. अशा वेळी ज्याने गोणी फोडली, त्याच्या पूलमध्ये मीठ वाढत जातं, दिवा मात्र लालच राहतो.

[दृश्य : सेल उघडतात. पट्ट्यांवर पांढरा खरपुडीसारखा थर.]

हा कॅल्शियमचा थर. पूलची भर विहिरीच्या पाण्याने होते आणि ते जड आहे. उन्हाने पाणी उडतं, कॅल्शियम मागे राहतं. पुन्हा भर घातली की आणखी कॅल्शियम. पट्टीजवळ पीएच सगळ्यात चढा असतो, म्हणून थर आधी तिथेच धरतो. यंत्र अधूनमधून विजेची दिशा उलटवून तो झटकायचा प्रयत्न करतं, पण या पाण्यापुढे ते पुरत नाही.

[दृश्य : सेलमध्ये पातळ ॲसिड. फेस. जवळून, लांब शॉट.]

दहा भाग पाणी, एक भाग ॲसिड. फेस येतोय म्हणजे थर विरघळतोय. फेस थांबला की ओतून टाकायचं, जास्त वेळ ठेवायचं नाही. स्क्रू ड्रायव्हरने खरवडायचं तर मुळीच नाही. तसं केलं की मुलामा निघतो आणि सेल बाद होतो. सेल म्हणजे या यंत्रातला सगळ्यात महाग भाग.

[दृश्य : सेल जागेवर. पॅनलवर हिरवा दिवा. मुलाचा चेहरा.]

[दृश्य : भर दुपारचा पूल. मग कपाटातला गोळ्यांचा जुना डबा.]

राहिलं ऊन. कडक उन्हात उघड्या पाण्यातला निम्मा क्लोरीन तासाभराच्या आत तुटतो. त्याला सावली देणारं रसायन म्हणजे स्टॅबिलायझर, सायन्युरिक ॲसिड. मिठाच्या पूलमध्ये ते ६० ते ८० पीपीएम ठेवतात. या डब्यातल्या ट्रायक्लोरच्या गोळ्यांत क्लोरीनबरोबर तेही असतं. दहा पीपीएम क्लोरीन टाकला की सहा पीपीएम स्टॅबिलायझर आपोआप वाढतं. क्लोरीन वापरला जातो, हे मात्र साठत राहतं. शंभरच्या पुढे गेलं की क्लोरीन दिसतो, काम करत नाही, आणि भर क्लोरीनमध्ये पाणी हिरवं होतं. त्यावर खात्रीचा इलाज एकच : पाणी काढा, नवं भरा. यंत्र बसवल्यानंतरही इथे गोळ्या चालूच राहिल्या होत्या. शेवटी निम्मा पूल रिकामा करावा लागला, ऐन उन्हाळ्यात. साडेबावीस हजार लिटर. दहा हजारांचे दोन टँकर आले, तरी पुरले नाहीत. याच तालुक्यात खारेपाटातली, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातली, गावं तेव्हा पिण्याच्या पाण्याच्या टँकरची वाट बघत होती.

त्यानंतर गोळ्या बंद झाल्या. काका आता दर महिन्याला स्टॅबिलायझर मोजतात. तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत पाणी ओतत जायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की आकडा वाचायचा. साधी टेस्ट, पण त्या एका ठिपक्यावर दोन टँकर वाचतात. पूल बांधायला लाखो रुपये घालणाऱ्या मालकांनी टेस्ट किटच्या गोळ्या संपल्यावर नव्या आणायला नाही म्हणू नये, एवढी आमची मागणी आहे.

[दृश्य : कडेची फरशी, शिडीचे पाय, ओसंडणाऱ्या पाण्याचा पाइप.]

पावसाळा आम्ही चित्रित केलेला नाही, पण त्याचा हिशेब काकांच्या वहीत आहे. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या पूलच्या बत्तीस चौरस मीटरवर तो चौसष्ट हजार लिटर होतो, पूलच्या पाण्याच्या जवळजवळ दीडपट. तो सगळा ओसंडून गेला, तर ऑक्टोबरपर्यंत तीन चतुर्थांश मीठ गेलेलं असतं. म्हणून पहिला जोरदार पाऊस ओसरला की मीटर लावायचा, आणि जेवढं कमी तेवढंच मीठ घालायचं. शिडीजवळ कडेच्या फरशीचे पापुद्रे सुटले आहेत, ते मिठाने. तिथे आता रोज गोडं पाणी मारतात.

ओसंडणारं आणि बॅकवॉशचं पाणी पूर्वी थेट शेजारच्या वावरात जात होतं. तिथे हिवाळ्यात पांढरा कांदा होतो, आणि कांद्याला खारं पाणी सोसत नाही. पाइपचं तोंड आता भरतीच्या नाल्याकडे वळवलं आहे. जूनच्या आत ते काम झालं.