पावसाआधीचे रेशीम

फोंड्यातील या जुन्या घरातल्या जेवणाच्या मेजावर धुतलेली पांढरी चादर अंथरली आहे आणि तिच्यावर नव्वद सेंटिमीटर लांबी-रुंदीचा एक रेशमी स्कार्फ हळूहळू उलगडतो आहे. पॅरिसच्या एर्मेस या फॅशन कंपनीने असा पहिला चौकोनी स्कार्फ १९३७ मध्ये काढला. चित्रातल्या लगामांकडे आणि पट्ट्यांकडे आपली नजर आधी जाते, हा संग्रह जपणाऱ्या बाईंचे बोट मात्र कडेवर जाते.

ही कड हाताने गोल वळून रेशमी दोऱ्याने शिवलेली आहे. एर्मेसचे कारागीर ती कापडाच्या सुलट बाजूला वळवतात, तर इतर अनेक ठिकाणी ती उलट बाजूला वळवली जाते. यंत्राच्या शिवणीत सगळे टाके एका अंतराने पडतात. हाताच्या शिवणीत ते अंतर किंचित कमी-जास्त होते आणि वळलेली कड बोटाखाली भरीव लागते. अशा कडेवर इस्त्री फिरवून ती चपटी करणे म्हणजे कारागिराचे कष्ट पुसून टाकणे होय, असे आम्हाला ठामपणे वाटते.

आता भिंगातून पाहावे. कापडावर तिरप्या रेषा दिसतात, ती ट्विलची वीण. छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळी चौकट वापरली जाते, आणि एखाद्या स्कार्फला तीसहून अधिक चौकटी लागतात. लगामांचे हे चित्र, 'ब्रीद द गाला', ह्युगो ग्रिगकर यांनी १९५७ मध्ये रेखाटले. पुढे ते पुनःपुन्हा छापले गेल्यामुळे केवळ चित्रावरून स्कार्फचे वय ठरवता येत नाही.

दुसऱ्या पेटीतून निघते ती मनिला शाल. नाव मनिलाचे असले तरी ही रेशमी फुले चीनमधल्या कॅन्टनच्या कारागिरांनी भरलेली असत. मनिलाच्या बंदरातून अशा शाली स्पेनला जात, म्हणून हे नाव. शाल उलटी केली तरी फुले तशीच दिसतात, कारण भरतकाम दोन्ही बाजूंनी सारखे आहे. गाठींच्या झालरीचे वजन जुन्या रेशमाला पेलत नाही, म्हणून ही शाल कधीही टांगली जात नाही.

मे महिन्यात गोव्यातली घरे पावसासाठी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात, तेव्हा बाईंचे हे कपाटही रिकामे होते. कपड्यांना ऊन दाखवण्याची आपली जुनी रीत रेशमाला मात्र मानवत नाही, कारण उन्हाने ते पिवळे पडून कमजोर होते. म्हणून खिडक्या अर्ध्या मिटून, सावलीतल्या वाऱ्यावर एकेक नग पसरला जातो. मग खळ न घातलेल्या मलमलीत (खळ असली की कसर लागते) प्रत्येक स्कार्फ गुंडाळून, पुठ्ठ्याच्या नळीवर सैल वळवून ठेवतात आणि खणात सिलिका जेलच्या पुड्या सोडतात. डांबरगोळी रेशमाला थेट लागू देत नाहीत.

एका पावसाळ्यात कपाट वेळेवर उघडले गेले नाही आणि सहा स्कार्फ बुरशीने डागाळले.

त्यांतला हा एक. बाईंनी तो वेगळ्या खणात ठेवला आहे. त्याची कड अजून पूर्ण गोल आहे.