इंजेक्शन काढण्यापूर्वी

बडोद्यात जुन्या मोटारींवर बोलायचे म्हटले की राजवाड्यापासून सुरुवात करण्याचा रिवाज आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात देशभरातल्या जुन्या गाड्या मांडल्या गेल्यापासून तो अधिकच पक्का झाला आहे. मी आज तिकडे जाणार नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या त्या मोटारींना कार्बोरेटरच, म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल हवेत मिसळणारा साधा भागच, असतो, त्यामुळे आपला आजचा प्रश्न त्यांच्या मालकांना पडतच नाही. प्रश्न पडतो तो १९७० च्या आसपासच्या, इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या, परदेशी गाड्या सांभाळणाऱ्यांना. गाडी काळा धूर टाकते, गरम झाल्यावर बंद पडते, आणि गॅरेजमध्ये सल्ला मिळतो, ‘साहेब, ही इंजेक्शनची भानगड काढून टाकू, कार्बोरेटर बसवतो, जन्माची कटकट जाईल.’

हा सल्ला देणारा माणूस लबाड असतो, असे मला मुळीच वाटत नाही. फियाट आणि ॲम्बॅसिडर यांच्यावर ज्याचा हात बसला, त्याला कार्बोरेटर डोळ्यांनी दिसतो. पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट, पेट्रोल मापणारे बारीक भोक म्हणजे जेट, चोक, सगळे उघडून, फुंकर मारून परत बसवता येते. इंजेक्शनमध्ये मात्र त्याला तारा दिसतात आणि सीटजवळ कुठेतरी एक बंद पेटी दिसते. आणि जे उघडता येत नाही ते बिघडलेलेच असणार, असा आपल्या सर्वांचाच समज असतो.

ही पेटी मुळात काय करते ते आधी पाहू. बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इंजेक्शनची पद्धत १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या १६०० मालिकेतल्या गाड्यांवर आली. तिच्या नावातला ‘डी’ म्हणजे ‘द्रुक’, जर्मन भाषेत दाब. इंजिन हवा ओढते तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळकांड्यात, जो कमीजास्त दाब तयार होतो तो एक सेन्सर मोजतो, ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या तळाशी असलेले वेगळे पॉइंट पेट्रोल फवारणारे इंजेक्टर केव्हा उघडायचे ते सांगतात, तापमानाचे सेन्सर इंजिन आणि हवा किती गरम आहेत ते कळवतात, आणि या सगळ्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा एवढेच ती पेटी ठरवते. पेट्रोलचा दाब सुमारे दोन बार इतका कायम राखलेला असल्याने वेळ ठरली की माप ठरले. आजच्या गाडीसारखे स्वतःची चूक ओळखणे तिला येत नाही. जे सेन्सर सांगतील ते ती खरे मानते.

सगळी गोम इथेच आहे, आणि म्हणून एक उदाहरण जरा सावकाश सांगतो. माझ्याकडे १९७४ ची मर्सिडीझ २८० ई आली होती. शहरात कशीबशी चालायची, पण पावागडच्या रस्त्याला लागून माचीचा चढ सुरू झाला की मिसिंग मारायची, आणि स्पार्क प्लग काढले तर काजळीने माखलेले. मालकांनी जुने कार्बोरेटर विकत घेऊन डिकीत ठेवलेसुद्धा होते. मी इंजिन पूर्ण गरम केले, पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचा प्लग काढला आणि सेन्सरवर विजेचा अडथळा मोजणारा मीटर लावला. हा सेन्सर थंड असताना, म्हणजे वीस अंशांना, साधारण अडीच हजार ओहम दाखवतो आणि ऐंशी अंशांना तीनशेच्या आसपास येतो. तिथे तीनशेच होते, म्हणजे सेन्सर ठणठणीत. मग प्लग परत लावून तेच माप तारेच्या दुसऱ्या टोकाला, पेटीच्या मोठ्या प्लगवर घेतले, तर एक हजार! मधले सातशे ओहम त्या प्लगच्या पत्रीवर चढलेल्या हिरव्या गंजाचे होते. एक हजार ओहम म्हणजे पेटीच्या हिशेबाने इंजिन अजून पंचेचाळीस अंशांवरच आहे, गारठलेले आहे. म्हणून ती इमानेइतबारे जास्त पेट्रोल देत राहिली. बिचाऱ्या पेटीचा यात काडीचा दोष नव्हता. दोन पत्र्या साफ केल्या, तडकलेल्या तारेचा वीतभर तुकडा बदलला, आणि माचीपर्यंत गाडी सरळ चढली.

सगळ्याच गाड्या इतक्या स्वस्तात सुटत नाहीत, हे मान्य. दाब मोजणाऱ्या त्या सेन्सरच्या आत धातूचा पातळ पडदा असतो. त्याला चीर गेली की मिश्रण फारच रिच होते, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होते, आणि साफसफाईने काही होत नाही, तो सेन्सर उघडून पडदा बदलावा लागतो. हातपंपाने निर्वात लावून काटा टिकतो की घसरतो, हे पाच मिनिटांत कळते. पण मी जे पाहिले त्यात बहुतेक वेळा दोष असतो तो कडक झालेल्या रबरी नळ्यांचा, चोरून आत शिरणाऱ्या हवेचा, सैल अर्थिंगचा किंवा दमलेल्या पेट्रोल पंपाचा; आणि गंमत अशी की यांतले निम्मे दोष कार्बोरेटर बसवल्यावरही तसेच राहतात. हवा गळणारे मॅनिफोल्ड कार्बोरेटरलाही छळतेच.

आता कार्बोरेटर बसवणे म्हणजे काय काय करावे लागते ते पाहा. दोन बारचा पंप सरळ कार्बोरेटरला जोडला तर फ्लोटची सुई ते पेट्रोल अडवू शकत नाही; पाव बारच्या आसपासचा दाब पुरतो, म्हणून पंप बदला. मॅनिफोल्ड बदला, थ्रॉटलचा जोड बदला, इग्निशनचा ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती आधी पडावी ते, नव्याने जुळवा, आणि मग जेट बदलत बदलत महिने घालवा. त्याच २८० चे इंजिन मर्सिडीझने स्वतः दोन प्रकारे विकले होते: सोलेक्स कंपनीच्या कार्बोरेटरवर १६० अश्वशक्ती आणि इंजेक्शनवर १८५. पंचवीस अश्वशक्ती जातात त्या जातातच, वर तो सोलेक्स स्वतःच इतका गुंतागुंतीचा आहे की तो नीट लावणारा माणूस इंजेक्शन जाणणाऱ्याहून दुर्मिळ झाला आहे.

आपल्या उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात बेचाळीस अंशांत गाडी उभी केली की कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळू लागते, कारण तिथे त्याच्यावर दाबच नसतो. इंजेक्शनमध्ये पेट्रोल दाबाखाली फिरत राहते आणि उरलेले टाकीत परत जाते, त्यामुळे किल्ली फिरवली की वाफेचे बुडबुडे निघून जातात. कोयलीची रिफायनरी उशाशी असलेल्या आपल्या गावाला पेट्रोलचा स्वभाव मी काय सांगावा! पण आता त्यात वीस टक्के इथेनॉल असते, आणि त्यापुढे दोन्ही पद्धती सारख्याच आंधळ्या आहेत. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साडेतेरा पटीच्या आसपास. जुना जेट आणि जुनी पेटी दोघांनाही हे ठाऊक नाही. तेव्हा मिश्रणातले पेट्रोल थोडे वाढवून घ्यावे लागते आणि इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या टाकाव्या लागतात, मग तुम्ही काहीही बसवा.

कायद्याबद्दल थोडक्यात सांगतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपुढच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, पण ती मूळ रूपात राखलेली असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. कार्बोरेटर हा मोठा फेरफार ठरतो का, यावर वाद घालता येईल. तो आरटीओच्या खिडकीशी उभे राहून घालण्याची हौस मला नाही.

मग मी कार्बोरेटर कधीच बसवत नाही का? एकदा बसवला आहे. ती के-जेट्रॉनिक या बॉशच्याच दुसऱ्या पद्धतीची गाडी होती. या पद्धतीत विजेचे डोके नसते. हवेच्या जोराने एक तबकडी उचलली जाते, ती फ्युएल डिस्ट्रिब्यूटरमधला दांडा ढकलते, आणि सुमारे पाच बार दाबाचे पेट्रोल सर्व इंजेक्टरांतून अखंड फवारले जाते. तो दांडा इतक्या बारीक मापाने बसवलेला असतो की पेट्रोलमधले पाणीसुद्धा त्याला बिघडवायला पुरे. ती गाडी अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यात, पावसाळ्यात अडकली, टाकीत पाणी गेले, आणि मग ती चार वर्षे शेडमध्ये तशीच उभी राहिली. दांडा गंजून जागीच धरला होता. कोणीतरी आधी हातोडीही चालवून पाहिली होती. दुसरा फ्युएल डिस्ट्रिब्यूटर मागवायचा तर मालकांच्या हाती पैसा नव्हता, आणि मुलीच्या लग्नात ती गाडी त्यांना मांडवापुढे चालती हवी होती. मी कार्बोरेटर बसवला. काढलेला प्रत्येक भाग, तारांच्या टोकांना चिठ्ठ्या बांधून आणि नळ्यांची तोंडे बंद करून, एका लाकडी खोक्यात भरला आणि गाडीबरोबर त्यांच्या स्वाधीन केला. मागच्या दिवाळीत त्यांचा फोन आला, की एक चांगला फ्युएल डिस्ट्रिब्यूटर मिळतो आहे, घेऊ का. मी म्हटले, घ्या, पण आधी तो खोका उघडून आतले सगळे सामान जागेवर आहे का ते मोजा.