वळिवडे, व्रोत्सवाफ आणि एक पत्र

कोल्हापूर भागातल्या माणसाला गांधीनगर सांगावं लागत नाही. लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटलं की आधी तिथंच, होलसेल कापडाची दुकानं, सिंधी शेठ, गर्दी. पण 1943 साली तिथं मार्केट नव्हतं. वळिवडे गावाजवळ बराकींच्या लांबच लांब रांगा होत्या आणि त्यात जवळपास 5 हजार पोलिश माणसं राहायची, बहुतेक सगळ्या बायका आणि मुलं. त्यांची शाळा होती, चर्च होतं, नाटकं बसवायची, पोरं पंचगंगेत पोहायची.

ही माणसं आली कुठून? तर पूर्व पोलंडमधून. 1939 च्या 1 सप्टेंबरला हिटलरनं पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला आणि 17 सप्टेंबरला स्टॅलिनचं सैन्य पूर्वेकडून घुसलं. पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत सोव्हिएत शिपाई रात्री दार वाजवायला लागले, सामान बांधा म्हणाले, आणि अख्खीच्या अख्खी कुटुंबं गुरांच्या डब्यात घालून सायबेरिया नाहीतर कझाकस्तानला. कितीतरी तिथंच मेले. जे उरले ते 1942 साली इराणमार्गे सुटले, त्यातले काही जामनगरजवळ बालाचडीला आले, काही वळिवड्याला.

1945 ला युद्ध संपलं, सगळं जग घरी निघालं, पण वळिवड्यातली बहुतेक माणसं घरी जाऊ शकली नाहीत. कारण घर जिथं होतं तो भागच आता पोलंडमध्ये राहिला नव्हता.

आता हा नकाशा जरा नीट बघा, पुढचं सगळं यावरच आहे. 1945 सालीच अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत युनियनचे नेते आधी याल्टाला बसले, नंतर पॉट्सडॅमला बसले, आणि पोलंड नावाचा देश उचलून पश्चिमेकडं सरकवला. पूर्वेचा पट्टा सोव्हिएत युनियनला गेला, आणि भरपाई म्हणून जर्मनीचा पूर्व भाग, ओडर आणि नायसे या नद्यांपर्यंतचा, पोलंडला दिला. ब्रेस्लाऊ नावाचं जर्मन शहर होतं त्याचं व्रोत्सवाफ झालं. तिथल्या जर्मनांना बाहेर काढलं आणि सोव्हिएत युनियनला गेलेल्या पट्ट्यातल्या ल्विव शहरातून बाहेर काढलेले पोलिश लोक त्याच घरांत राहायला आले, ल्विवच्या मोठ्या लायब्ररीतली पुस्तकंसुद्धा गाडीनं तिकडं आली. पूर्व युरोपातून सगळे मिळून 1 कोटीच्या वर जर्मन हाकलले गेले. त्यातही म्हातारे, बायका, मुलं जास्त.

हे सांगतोय म्हणून दोन्ही बाजू सारख्या असं बिलकुल नाही. सुरुवात जर्मनीनं केली आणि जे केलं त्याला तोड नाही. पोलंडचे साधारण 60 लाख नागरिक मेले, त्यातले निम्मे ज्यू. एकट्या वॉर्साच्या घेट्टोत 4 लाखांहून जास्त ज्यू कोंडले होते, साडेतीन चौरस किलोमीटरसुद्धा जागा नसेल ती. 1942 च्या उन्हाळ्यात दोन महिन्यांत त्यातल्या अडीच लाखांहून जास्त लोकांना ट्रेब्लिंकाच्या छावणीत नेऊन मारलं. 19 एप्रिल 1943 ला उरलेल्यांनी उठाव केला, हातात पिस्तुलं आणि पेट्रोलच्या बाटल्या, तरी कित्येक दिवस झुंजले, शेवटी जर्मनांनी एकेक इमारत पेटवून तो भाग सपाट केला.

अशा दोन देशांमध्ये बोलणं कसं सुरू होणार? वीस वर्षं झालंच नाही म्हणा. पश्चिम जर्मनी नवी सीमा मानायला तयार नव्हती, तिथं हाकललेल्या लोकांच्या संघटना होत्या, त्यांची मतं होती, कुठल्या पक्षाची हिंमत? आणि पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारला जर्मन बागुलबुवा हवाच होता, जर्मन परत येतील ही भीती जितकी मोठी तितका मॉस्कोचा आधार गरजेचा वाटणार ना.

आणि मग 18 नोव्हेंबर 1965. पोलंडच्या बिशपांनी जर्मन बिशपांना एक पत्र लिहिलं.

पश्चिम जर्मनीचा चान्सलर विली ब्रांट वॉर्सात गुडघ्यांवर बसलाय तो फोटो आपल्यातल्या बऱ्याच जणांनी कधी ना कधी पाहिलाय, त्याच्यावर येतोच, पण मला हे पत्र जास्त मोठं वाटतं. ते लिहिलं बोलेस्वाव कोमिनेक यांनी, व्रोत्सवाफचे आर्चबिशप, म्हणजे जे शहर जर्मनांकडून आलं तिथलेच. 1903 ला जन्मले तेव्हा त्यांचा भाग जर्मनीत होता, त्यामुळं जर्मन त्यांना पोलिशसारखीच यायची आणि पत्र त्यांनी थेट जर्मनमध्येच लिहिलं. पोलंडमध्ये ख्रिस्ती धर्म येऊन 1966 ला हजार वर्षं होणार होती, त्या सोहळ्याचं निमंत्रण हे निमित्त. पण पत्रात हजार वर्षांचा सगळा हिशोब मांडलाय. जर्मनीतून आलेले कारागीर, क्राकुफच्या चर्चमधलं अप्रतिम लाकडी शिल्प कोरणारा कलाकार, त्यांचे उपकार. मग छळछावण्या, त्यांच्या धुरांड्या, 60 लाख माणसं. हिटलरला विरोध करून जीव गमावलेल्या जर्मनांची आठवण. आणि घरदार गेलेल्या जर्मन निर्वासितांचं दुःख, ते सुद्धा. शेवटाकडं ते वाक्य येतं, आम्ही क्षमा करतो आणि क्षमा मागतो.

क्षमा करतो इथपर्यंत कुणालाही समजेल, पण क्षमा मागतो? ज्यांची माणसं भट्टीत गेली त्यांनी मागायची? पोलंड पेटलं. सरकारनं मोहीमच काढली, पेपरात रोज लेख, आम्ही माफ करणार नाही अशा घोषणा, बिशपांना ही परवानगी दिली कुणी, देशाच्या वतीनं बोलणारे हे कोण. चर्चचे प्रमुख कार्डिनल विशिन्स्की यांना रोमला जायला पासपोर्ट नाकारला. सह्या करणाऱ्यांत क्राकुफचे तरुण आर्चबिशपही होते, कारोल वोयतिवा, हेच पुढं पोप जॉन पॉल दुसरे झाले. युद्धाच्या काळात ते ज्या सॉल्वे कारखान्यात मजूर होते तिथल्या कामगारांच्या नावानं त्यांच्याविरुद्ध पेपरात उघडं पत्र छापून आलं. आणि हा राग फक्त सरकारनं चढवलेला होता असं म्हणून चालणार नाही. चर्चला जाणाऱ्या साध्या लोकांनाही ते वाक्य घशाखाली उतरेना. घरात कुणी ना कुणी गेलेलं, वीसच वर्षं झालेली, मी त्यांना दोष कसा देऊ.

जर्मन बिशपांचं उत्तर 5 डिसेंबरला आलं. सभ्य होतं, पण जपून लिहिलेलं. सीमेबद्दल सरळ एक शब्द नाही. पोलिश बिशपांनी सगळं पणाला लावलं आणि समोरून असं उत्तर, वाचताना आजही वाईट वाटतं. त्यापेक्षा जर्मनीतल्या प्रोटेस्टंट चर्चनं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जास्त धाडस केलं होतं, पोलिश लोकांनाही आता त्या जमिनीवर घर करण्याचा हक्क आहे असा विचार त्यांनी मांडला आणि आपल्याच लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

आता पाच वर्षं पुढं. 7 डिसेंबर 1970, वॉर्सा. चान्सलर ब्रांट करारावर सही करायला आलाय, ओडर-नायसे सीमा आम्ही मानतो असा करार. सही होणार पोलंडचे पंतप्रधान सिरांकिएविच यांच्याबरोबर, आणि हे स्वतः आउश्विट्झच्या छळछावणीतून जिवंत आलेले. त्याआधी सकाळी घेट्टोच्या स्मारकाला पुष्पचक्र. डिसेंबरची थंडी, ओला दगड. ब्रांट पुढं जातो, फुलांची रिबीन सरळ करतो, दोन पावलं मागं येतो आणि गुडघ्यांवर बसतो. कुणालाच माहीत नव्हतं, मागं उभ्या असलेल्या त्याच्या लोकांनाही नाही. अर्धा मिनिट असेल फार तर. नंतर त्यानं लिहिलं की शब्द संपले की माणूस जे करतो ते मी केलं.

आणि हा माणूस कोण तर नाझींच्या विरोधात लढलेला, 1933 ला एकोणीस वर्षांचा असताना नॉर्वेला पळालेला, नाझींनी ज्याचं नागरिकत्व काढून घेतलं असा. त्याच्या स्वतःच्या अंगावर त्या पापाचा शिंतोडाही नव्हता. जर्मनीतल्या एका पत्रकारानं तेव्हाच लिहिलं की ज्याला गुडघे टेकायची गरज नाही तो टेकतोय, ज्यांनी टेकायला हवेत त्यांच्यासाठी.

आज आपल्याला वाटतं, वा, सगळा देश भारावून गेला असेल. छे. डेर श्पिगेल मासिकानं सर्व्हे केला तर 48 टक्के पश्चिम जर्मन म्हणाले हे जरा अतीच झालं, 41 टक्के म्हणाले बरोबर केलं. पोलंडमध्ये तर सरकारनं तो फोटो लोकांसमोर फारसा येऊच दिला नाही. एक म्हणजे गुडघ्यावर बसलेला जर्मन त्यांच्या प्रचाराला परवडणारा नव्हता. दुसरं म्हणजे तो ज्यूंच्या स्मारकासमोर बसला, आणि दोनच वर्षांपूर्वी, 1968 ला, त्याच सरकारनं ज्यूंविरुद्ध मोहीम काढून हजारो ज्यूंना देश सोडायला लावला होता. करारानंतर आठवडाभरात बाल्टिक किनाऱ्यावरच्या शहरांत कामगार महागाईविरुद्ध रस्त्यावर आले, सरकारनं गोळ्या घातल्या, आणि कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख गोमुल्का 20 डिसेंबरला पायउतार झाले.

तिकडं ब्रांटला 1971 चं शांततेचं नोबेल मिळालं, आणि एप्रिल 1972 ला संसदेत त्याच्याच सरकारवर अविश्वास ठराव. ते सरकार फक्त 2 मतांनी वाचलं. मग करार मंजूर झाला तेव्हा विरोधी पक्षातले बहुतेक जण तटस्थ राहिले.

यापुढचं काम कॅमेऱ्यासमोर झालं नाही. 1972 पासून दोन्ही देशांचे इतिहासकार शाळेच्या पुस्तकांवर एकत्र बसायला लागले आणि एकेका शब्दावर अडायचे, त्या जर्मनांना हाकललं म्हणायचं की हलवलं म्हणायचं. हसण्यासारखं नाही ते, पोरगं पुस्तकात कुठला शब्द वाचतं यावर पुढची पिढी ठरते. दोघांचं मिळून एक इतिहासाचं पुस्तक पूर्ण व्हायला 2020 उजाडलं. आणि 1981 ला पोलंडमध्ये मार्शल लॉ लागला, दुकानं रिकामी, तेव्हा पश्चिम जर्मनीतल्या साध्या घरांतून लाखो पार्सलं आली, कॉफी, साबण, बाळाचं दूध, सरकारनं टपालखर्चही माफ केला. मला वाटतं कित्येक पोलिश घरांत जर्मन माणसाची भीती त्या खोक्यांनी घालवली.

सगळं गोड झालंय असंही नाही. सीमेवर शेवटचं शिक्कामोर्तब व्हायला 1990 लागलं, तेही जर्मनी एक झाल्यावर. आणि 2022 च्या 1 सप्टेंबरला पोलंडनं युद्धाच्या नुकसानीचा आकडा काढला, 6 लाख कोटी झ्लोटींच्याही वर, झ्लोटी म्हणजे पोलंडचं चलन. जर्मनी म्हणते पोलंडनं 1953 लाच हक्क सोडला, विषय संपला. पोलंड म्हणतं तो आम्ही सोडला नव्हता, मॉस्कोनं सोडायला लावला. दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे, आणि छावण्यांतून वाचलेली म्हातारी माणसं मात्र एकेक करून संपत चाललीत.

कोमिनेक 1974 ला गेले. ज्या व्रोत्सवाफमध्ये एकेकाळी त्यांच्या पत्राला शिव्या पडल्या तिथं आता नदीकाठी त्यांचा पुतळा आहे आणि त्यावर तेच वाक्य कोरलंय, ब्रांटच्या नावाचा चौक वॉर्सात घेट्टोच्या स्मारकाशेजारी आहे. वॉर्सातच कोल्हापूरच्या नावाचंही स्मारक आहे, 2024 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान मोदींनी तिथं फुलं वाहिली तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते पहिल्यांदा कळलं.

आणि वळिवडे. 1948 पर्यंत पोलिश माणसं निघून गेली, कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला, काही नव्या पोलंडला. बराकी रिकाम्या झाल्या आणि त्यात सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहायला आली, एका सीमेनं बेघर केलेल्यांच्या जागी दुसऱ्या सीमेनं बेघर केलेले. तेच आजचं गांधीनगर. छावणीत वाढलेली पोलिश पोरं म्हातारपणी इथं येऊन गेली, आपली बराक कुठं होती ते शोधत फिरली. गांधीनगरातल्या सिंधी म्हाताऱ्यांना मात्र पलीकडचं आपलं गाव असं बघून यायला व्हिसा मिळणं आजही महाकठीण आहे.