बापानं घडवली, लेकानं वाजवली: आलां स्तिवेल यांची हार्प

(दृश्य: सुताराचं बाक. रंध्यातून निघणारी लाकडाची साल.)

वर कमानीसारखी वळलेली मान. पुढे खांब. मागे छातीला टेकणारी पोकळ पेटी. हार्पची लाकडी कामं ही एवढी तीन, आणि तिन्ही एकमेकांना ताणून धरतात.

ब्रिटनीत हिला 'तेलेन' म्हणतात. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला अटलांटिकमध्ये घुसलेला हा मुलूख. इथली ब्रेतॉन भाषा फ्रेंचच्या कुळातली नाही, ती वेल्शची सख्खी. मध्ययुगात इथल्या सरदारांच्या घरी तेलेन वाजायची. पुढे ती मागे पडली, शिकवणारे गेले, आणि गुरूच्या हातून शिष्याच्या हातात जाणारं वाजवणं तुटलं.

ते परत जोडलं गेलं ते एका सरकारी नोकराच्या हातून. जॉर्द कोश्वेलू पॅरिसला अर्थमंत्रालयात कामाला होते. मूळ ब्रिटनीचे. नोकरी सांभाळून लाकडात हात घालणारे. १९५३ साली त्यांनी घडवलेली पहिली हार्प वाजती झाली. वाजवणारा होता त्यांचा मुलगा आलां, वय वर्षं नऊ.

(दृश्य: पेटीवर बसणारी पातळ फळी. बोटानं टिचकी मारून ऐकणारा कारागीर.)

हार्पचा आवाज या फळीत असतो. लाकूड बहुधा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचं. बारीक तारांच्या बाजूला ती दोन-तीन मिलिमीटर जाडीची, खर्जाकडे जाता जाता पाचच्या आसपास. जाड ठेवली तर आवाज कोंडतो. जास्त तासली तर काही वर्षांत तारा तिला पोटासारखी वर ओढतात. थोडा फुगवटा येणारच, तो धरूनच घडवायचं. पण सांधा उकलायला लागला, तडा गेला, की वाद्य पुन्हा उघडल्याशिवाय गत्यंतर नाही.

फळीच्या मध्यावर कठीण लाकडाची उभी पट्टी आहे. तिच्यात ओळीनं भोकं. तार आतून वर येते, खाली तिला गाठ. भोकाला धातूची कडी नसेल तर ताणलेली तार लाकूड कापत जाते.

आता मान पाहा. सगळ्या तारा तिच्या एकाच बाजूला. तीसेक तारांचा मिळून ताण काहीशे किलो, आणि तो सगळा एका अंगाला, त्यामुळे मान पिळवटते. जुनी हार्प वाजवणाऱ्याच्या जागेवरून पाहिली तर मान डावीकडे कललेली दिसते, ती यामुळे. म्हणून कारागीर मानेसाठी मेपलसारखं घट्ट लाकूड घेतो, पुष्कळदा थरांवर थर चिकटवून, रेषा उलटसुलट ठेवून.

(दृश्य: कळ वर. तोच सूर, अर्ध्या स्वरानं चढा.)

प्रत्येक तारेच्या वरच्या टोकाशी ही छोटी कळ असते. उचलली की तारेची लांबी कमी होते आणि सूर अर्ध्या स्वरानं चढतो. ती बसवायची कुठे, याचं गणित ठरलेलं: तारेच्या लांबीच्या साडेपाच टक्क्यांच्या जरा पुढे. चाळीस सेंटिमीटरच्या तारेवर सव्वादोन सेंटिमीटर खाली. तिथे मिलिमीटरभर चूक कान सोसतो. दहा सेंटिमीटरच्या तारेवर तेवढीच चूक बोचते.

पाश्चात्त्य स्वरनावांत सांगायचं तर लाल तारा 'दो'च्या, काळ्या किंवा निळ्या 'फा'च्या. रंग नसतील तर एवढ्या तारांत हात कुठे आहे हे कळायचं नाही. वाजवणारे बहुतेक जण 'मि', 'ला' आणि 'सि' या तारा कोमल लावून ठेवतात. या तिन्हींच्या कळा उचलल्या की ते स्वर शुद्ध होतात, 'फा', 'दो' आणि 'सोल'च्या उचलल्या की तीव्र. एवढ्या सहा कळांवर सात मेजर सप्तकं मिळतात. अडचण एकच. कळ डाव्या हातानं उचलायची, म्हणजे तेवढा वेळ खर्ज थांबतो. स्वर बदलायचा असेल तिथे डाव्या हाताला श्वासभर जागा ठेवूनच बंदिश बांधावी लागते.

(दृश्य: दोन हार्प शेजारी. एकीवर बोटांच्या गाद्या, दुसरीवर नखं.)

नायलॉनच्या तारा बोटाच्या गादीनं वाजतात, आवाज गोल येतो आणि लवकर विरतो. आयर्लंडच्या जुन्या हार्पना मात्र धातूच्या तारा असत. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात तशी एक जपून ठेवली आहे. जॉर्द यांनी पुढे मुलासाठी धातूच्या तारांचीही हार्प घडवली. ती नखांनी वाजते, आणि छेडलेली तार घंटेसारखी गुंजत राहते. म्हणून हिच्यावर छेडण्याइतकंच दाबणं शिकावं लागतं: एक बोट नवा सूर काढतं, तेव्हा दुसरं बोट मागचा सूर मिटवतं. ते जमलं नाही तर नुसता गलबला. १९७१ची तबकडी, 'रनेसांस द ला आर्प सेल्तिक', म्हणजे केल्टिक हार्पचा पुनर्जन्म, या दाबण्यासाठी कान देऊन ऐकण्यासारखी आहे.

(दृश्य: बोंबार्द आणि बिनिऊ, मोकळ्या मैदानात.)

आलां हार्पवर थांबले नाहीत. पॅरिसमधल्या ब्रेतॉन मुलांच्या बागाद ब्लेमोर या पथकात ते बोंबार्द आणि मशकवाद्य शिकले, पुढे त्याच पथकाचे म्होरके झाले. बोंबार्द म्हणजे दुहेरी पत्तीचं वाद्य, आपल्या सनईच्या जातीचं, पण फुंकायला फार जड. वाजवणारा एक ओळ वाजवतो आणि थांबतो, ओठ आणि दम परत यावा म्हणून. तेवढ्यात छोटी मशक, बिनिऊ, वरच्या सप्तकात तीच ओळ उचलते. पिशवीत हवा असते, म्हणून ती थांबत नाही.

गाण्यातही हीच रीत, नाव 'कान हा दिस्कान'. पहिला गायक ओळ म्हणतो. ओळीच्या शेवटच्या दोन-तीन अक्षरांवर दुसरा त्याच्यात मिसळतो, मग ओळ एकटा म्हणतो. त्याच्या शेवटावर पहिला परत येतो. पोवाड्यात झीलकरी शाहिराची ओळ उचलतात, त्याची आठवण यावी असं. फरक इतकाच की इथे मध्ये फट पडू द्यायची नसते, कारण या आवाजावर शंभर पावलं नाचत असतात. फट पडली की नाचणाऱ्यांची साखळी अडखळते.

(दृश्य: ओलिम्पियाची पाटी. १९७२चं छायाचित्र.)

कोश्वेलूंच्या या मुलानं नाव घेतलं स्तिवेल. ब्रेतॉनमध्ये अर्थ झरा. २८ फेब्रुवारी १९७२ला पॅरिसच्या ओलिम्पिया या संगीतगृहात ते हार्प, बोंबार्द आणि मशक घेऊन उभे राहिले. सोबत दान आर ब्राझ यांची इलेक्ट्रिक गिटार, गायक-गिटारवादक गाब्रिएल याकूब, फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, ऑर्गन, ड्रम. यूरोप १ रेडिओनं कार्यक्रम थेट ऐकवला.

ड्रमशेजारी हार्प ऐकू आणणं हे वेगळंच काम. पेटीसमोर माइक ठेवला तर ड्रमही त्यातच शिरतो. आवाज वाढवला की स्पीकरचा नाद फळीला हलवतो, फळी माइकला, आणि शिटी सुरू होते. नंतरच्या इलेक्ट्रिक हार्पमध्ये प्रत्येक तारेला वेगळा पिकअप, म्हणजे तारेचं कंपन थेट विजेच्या संकेतात बदलणारा तुकडा, आला, पेटी भरीव किंवा अगदी सडपातळ झाली, तेव्हा कुठे हे मिटलं. स्तिवेल स्वतः अशा हार्पच्या रचनेत वर्षानुवर्षं गुंतलेले राहिले. बोंबार्दला मात्र माइकची गरज नाही. तिच्यापासून बाकीच्यांना वाचवावं लागतं.

त्या रात्री वाजलेलं 'पॉप प्लिन' म्हणजे मध्य ब्रिटनीतल्या प्लिन नाचाची जुनी चाल. खालचा ठेका तोच ठेवला, त्यावर गिटार चढवली. ठेका बदलला असता तर गावात त्यावर कुणी नाचलं नसतं.

त्या कार्यक्रमाची तबकडी लाखोंनी खपली. याकूब यांनी पुढे मालिकोर्न हा गट काढून फ्रेंच लोकगीतांसाठी हेच काम केलं. १९७७मध्ये ब्रेतॉन माध्यमाची पहिली दिवान शाळा उघडली, २०१२मध्ये फेस्ट-नोज हा रात्रीचा नाच युनेस्कोच्या यादीत गेला. ब्रेतॉन बोलणारे मात्र घटतच आहेत.

(दृश्य: रंगमंचामागे हार्प. किल्ली खुंटीवर.)

दिव्यांच्या उष्णतेनं तारा उतरतात. नवी नायलॉन तार तर आठवडाभर रोज लावावी लागते, कधी त्याहून जास्त. म्हणून कार्यक्रमाआधीचा अर्धा तास ही किल्ली, ही खुंटी, हा कान. आधी मधलं सप्तक लावायचं, मग त्यावरून खाली आणि वर. वादक पहिली लाल तार छेडतो.

(निवेदन इथे संपतं. तार लागेपर्यंत दृश्य तोडू नये. मग अंगणातला फेस्ट-नोज, दोन आवाज, मूळ ध्वनीसह.)